समुद्राच्या तळाचा पंचनामा

मुलाचं घर बघायला जायचं तर माणसं पाच लागतात. दोन बाप्ये, दोन बाया आणि पाचवा कोणीतरी गप्प बसून सगळं टिपणारा. वैशाखरे गावचं घर असो नाहीतर शहापूरकडचं, जीप करायची, पोहे खायचे, गोठ्यात डोकवायचं, खाचरांच्या बांधावरून एक फेरी मारायची आणि "कळवतो" म्हणून निघायचं. टोकावड्याच्या कमळाकरभाऊंनी अशी पंचवीस-तीस घरं दुसऱ्यांच्या मुलींसाठी बघितली होती. पाचवा माणूस म्हणून त्यांना मोठी मागणी होती. पण स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा घर निघालं फ्रान्सात, समुद्राकाठच्या प्लुर्वान नावाच्या चिमुकल्या गावात, आणि तिथे जीप जात नाही.

कमळाकरभाऊ भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. छत्तीस वर्षं त्यांनी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या. सिद्धगडाच्या रानात मोजणीची साखळी ओढली, भाताच्या चिखलात हद्दीचे दगड शोधले, सख्ख्या भावांच्या शिव्या दोन्ही बाजूंनी खाल्ल्या. त्यांची एक टांग म्हणजे अडीच फूट, ना कमी ना जास्त. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते जेवणाच्या पंगतीकडे मोजत मोजतच जात, असं त्यांची बायको सकुबाई सांगते, आणि ते खरं आहे.

मुलगी कुणाली. ती शेवाळावर संशोधन करायला प्लुर्वानला गेली, तेव्हा "शेवाळच पायजे तर आमची टाकी काय वाईट हाय?" असं शेजारचा लडकू म्हणाला होता. तीन वर्षं झाली आणि फेब्रुवारीत तिचा फोन आला. मुलगा पसंत आहे, नाव एर्वान, शिकलेला आहे, स्वभावाने गरीब आहे.

"करतो काय?" कमळाकरभाऊंनी विचारलं.

"शेती," कुणाली म्हणाली.

कमळाकरभाऊ ओटीवर बसले. आजकाल टोकावड्यात शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देईना. मुरबाडच्या एमआयडीसीत हेल्पर असला तरी चालेल, पण शेतकरी नको म्हणतात पोरी. आणि हिने सात समुद्र ओलांडून शोधला कोण, तर शेतकरी! तोही कसला, तर कालवांचा. समुद्रात कालवं लावतो, वाढवतो आणि विकतो.

पण खरं दुखणं शेतीचं नव्हतंच. "हो" म्हटलं की पोरगी कायमची तिकडची, हे होतं. हे ते कोणाला बोलले नाहीत. घर बघितल्याशिवाय होकार नाही, एवढंच म्हणाले, आणि मनात पक्कं ठरवून टाकलं की घरात काहीतरी खोट सापडेलच. तीस घरं बघितलेल्या माणसाला खोट सापडत नाही असं कधी झालं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. कमळाकरभाऊंची थोरली बहीण धोंडूबाई मुद्दाम वैशाखऱ्याहून आली. "सासू कशी बोलते ते पयल्या दिशी नको बघू गो," तिने सकुबाईला बजावलं. "पयल्या दिशी सगल्याच गोड. तिसऱ्या दिशी बघ." एसटीचा निवृत्त ड्रायव्हर लडकू पाण्यावर आला. "हिरीत वाकून बघ. आन जमीन कागदाव नको, पायाखाली बघ. कागदाव काय, मी बी जमीनदार हाय." जायला मिळत होतं दोघांनाच आणि सल्ले देत होती दोन वाड्या, त्यामुळे कमळाकरभाऊंनी शेवटी एक वही केली.

व्हिसाच्या खिडकीवर अर्ज अडला. "प्रवासाचं कारण" या रकान्यात कमळाकरभाऊंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : मुलाचे घर समक्ष पाहून होकार अथवा नकार कळविणे. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, पर्यटन लिहा ना." कमळाकरभाऊंनी मान ताठ केली. सरकारी कागदावर आयुष्यात खोटं लिहिलं नाही, आता साठीनंतर सुरुवात करू? मुलगी आत गेली, साहेबाला घेऊन आली. साहेबाने दुसऱ्या साहेबाला बोलावलं. पाऊण तास तीन माणसं तो रकाना वाचत होती. मागची रांग कमळाकरभाऊंच्या खानदानाबद्दल बोलू लागली. शेवटी सकुबाईने पेन काढून घेतलं आणि त्याच्याखाली लिहिलं : आणि मुलीला भेटणे. हे चाललं. सरकारला सरळ वाक्य कळतं, पण बायको जवळ असावी लागते.

मार्चअखेर दोघं प्लुर्वानला पोचली. सकुबाई नऊवारीवर दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, कमळाकरभाऊ लग्नातला कोट घालून, हातात नव्या तांदळाची पिशवी. गाव म्हणजे दगडी घरांची एक ओळ, एक चर्च, एक धक्का, आणि धक्क्याला टेकून हिरवागार समुद्र. एर्वान लाजाळू निघाला. त्याने वाकून दोघांच्या पाया पडून दाखवलं, ते कुणालीने शिकवलेलं उघड दिसत होतं. त्याचा बाप आलां म्हणजे खारवलेला, रुंद, कमी बोलणारा गडी. आई ब्रिजित तेवढीच बोलकी. सकुबाईने तिला हसून नमस्कार केला आणि मनात तिसऱ्या दिवसाची खूणगाठ बांधली.

चहा झाला. कमळाकरभाऊंनी वही उघडली. "जमीन किती, विचार."

कुणालीने कपाळाला हात लावला, पण विचारलं. आलां उठून खिडकीशी गेला आणि बाहेरच्या समुद्राकडे बोट दाखवलं. दोन माणसं उभी बुडतील असं पाणी तिथे हेलकावत होतं.

"तिथे आहे म्हणतात," कुणाली म्हणाली. "उद्या दुपारी दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी दाखवतो म्हणतात."

कमळाकरभाऊंनी सकुबाईकडे बघितलं. अशी उत्तरं त्यांनी पूर्वीही ऐकली होती. जमीन दाखवायची वेळ आली की कोणाचा तलाठी रजेवर असतो, कोणाच्या म्हाताऱ्याला बरं नसतं. पण जमीन पाण्याखाली आहे, उद्या वर येईल, असं सांगणारा पहिलाच भेटला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक छापील तक्ता होता. त्यात वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिनिटासकट लिहिलेल्या. लडकूने बत्तीस वर्षांत एकदाही गाडी वेळेवर सोडली नव्हती, हे तो स्वतःच अभिमानाने सांगे. इथे समुद्राचं वेळापत्रक! कमळाकरभाऊ मनात हसले. खोट सापडली, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून ते कोट चढवून धक्क्यावर जाऊन बसले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्र उठून चालता झाला.

आधी धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या. मग होड्या एकेक करून कुशीवर कलंडल्या. मग पाणी असं मागे सरत गेलं की बघणाऱ्याला मान उंचावावी लागली, मग डोळे बारीक करावे लागले, आणि शेवटी पार क्षितिजाशी एक चमकती रेघ तेवढी उरली. मध्ये कोसभर जमीन. ओली, राखाडी, नांगरून चिखलणी केल्यासारखी. तिच्यावर लोखंडी बाकड्यांच्या रांगाच रांगा, बाकड्यांवर जाळीच्या पिशव्या, पिशव्यांत कालवं. गावातले ट्रॅक्टर धडधडत निघाले आणि जिथे काल होड्या तरंगत होत्या तिथे शेतावर जायला लागले. कमळाकरभाऊंनी घड्याळ बघितलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"सकू," ते हळूच म्हणाले, "देव असंल तर तो मोजनीखात्यात असंल गो."

सकुबाईने हात जोडले होते.

सकुबाई धक्क्यावरच थांबली. आलांने कमळाकरभाऊंना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि जाता जाता एक कागद हातात ठेवला. तो नकाशा होता. कमळाकरभाऊंना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पण नकाशा त्यांनी गीतेसारखा वाचला. उत्तर दिशा, प्लॉट नंबर, चारी हद्दी, लगतचे खातेदार. समुद्राच्या तळाचा! सोबत आलेल्या कुणालीने समजावलं की जमीन सरकारची असते, पस्तीस वर्षांच्या पट्ट्यावर मिळते, कसायची, पण विकायची नाही.

"म्हंजे भोगवटादार वर्ग दोन," कमळाकरभाऊ म्हणाले आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

प्लॉटवर पोचल्यावर आलां आणि एर्वान पिशव्या उलटायला लागले आणि कुणाली त्यांच्या मदतीला गेली. कमळाकरभाऊ हात मागे बांधून फेरी मारायला निघाले. कोपऱ्यावर शेवाळाने माखलेला एक खुंटा दिसला. त्यांनी रुमालाने तो पुसला. आत दगड होता, दगडावर आकडा कोरलेला, आणि तोच आकडा हातातल्या नकाशात. ते तिथेच उभे राहिले. वर दोन पुरुष पाणी येतं त्या ठिकाणी कुठल्या तरी मोजणीदाराने येऊन हद्दीचा दगड पुरला होता, समुद्राने तो रोज दोनदा झाकला होता, आणि दगड जागचा हलला नव्हता. कमळाकरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दगडाला नमस्कार केला.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण छत्तीस वर्षांची सवय. दगड दिसला की टांगा आपोआप पडतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग कोटाच्या खिशातून टेप काढला. पूर्वेच्या बाजूला आलांची बाकडी हद्दीच्या बाहेर गेली होती. थोडीथोडकी नाही, तीन मीटर वीस, आणि तीही सबंध लांबीभर. असलं काम त्यांनी उभ्या मुरबाड तालुक्यात बघितलं होतं. दर पावसाळ्याआधी कुदळीने चार बोटं बांध कोरायचा. शेजाऱ्याला कळत नाही आणि नातवाच्या काळात एक खाचर वाढतं. इथे कुदळीच्या जागी दरवर्षी बाकडं थोडं सरकवलेलं.

आता मोजणीचा नियम असा की लगतच्या खातेदाराला हजर ठेवल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. पलीकडच्या प्लॉटवर सत्तरीची एक म्हातारी एकटीच पिशव्या झटकत होती. कमळाकरभाऊंनी तिला हात केला. तिचं नाव ओडेट. ती आली. त्यांनी टेपाचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं, दगड दाखवला, नकाशा दाखवला, आकडा दाखवला. म्हातारीने एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा कमळाकरभाऊंच्या कोटाकडे, आणि तिची खात्री पटली की इतक्या वर्षांनी सरकारने साहेब पाठवला. कमळाकरभाऊ वहीत पंचनामा लिहायला बसले. "आज रोजी ओहोटीच्या वेळी समक्ष जागेवर..."

तिकडून एर्वान ओरडायला लागला. कमळाकरभाऊंनी हात वर करून थांब म्हटलं. अर्धा पंचनामा सोडून उठायचा शिरस्ता नाही. मग आलां ओरडला. मग कुणाली ओरडली, "बाबा, पानी! मागं बघा!" समुद्र समोरून येईल म्हणून ते समोर बघत होते, आणि तो घळीघळीतून वळसा घालून पाठीमागून आला होता. ओडेटने चिखलाच्या हाताने सही ठोकली. एर्वानने होणाऱ्या सासऱ्याला काखेत हात घालून उचललं, डावा बूट चिखलाने ठेवून घेतला, आणि कमळाकरभाऊ एका पायात बूट, एका पायात मोजा अशा थाटात, वही छातीशी धरून, ट्रॉलीतून धक्क्यावर आले. सगळा गाव बघत होता. सकुबाईसुद्धा.

"कोट भिजला," एवढंच ती म्हणाली. याहून वाईट काही बोलता आलं नसतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताटभर कालवं आली. कच्ची, लिंबू पिळलेली. लिंबू पडताच एक जरा आकसलं. "जित्ता हाय गो," सकुबाई पुटपुटली आणि तिने ब्रेडवर मन रमवलं. कमळाकरभाऊंसमोर वही होती. खोट सापडली होती, आणि सापडली ती नेमकी त्यांच्याच खात्यातली. बांध कोरणाऱ्याच्या घरात मुलगी देत नाहीत, हे टोकावड्यात पोरंटोरं सांगतील. आता फक्त उठून "कळवतो" म्हणायचं आणि परतीचं विमान धरायचं. यासाठीच तर आले होते ते. मग घास का उतरेना, हे त्यांना समजत नव्हतं. समोर एर्वान कुणालीला कालव उघडून देत होता, सुरी तिच्या हाताला लागू नये म्हणून स्वतःचा अंगठा मध्ये धरून.

"कुणाली," ते म्हणाले, "याच्या बापाला सांग. पूर्वेला तीन मीटर वीस अतिक्रमण."

"मी नाय सांगनार, बाबा." कुणालीचा चेहरा उतरला. "आपण घर बघायला आलो. मोजनीला नाय."

कमळाकरभाऊंनी वहीच आलांसमोर सरकवली. नकाशा काढला होता, हद्द काढली होती, मधला पट्टा रेघा मारून भरला होता आणि त्यात आकडा होता. आलांने चष्मा लावला. ब्रिजितचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. एर्वान बापाकडे बघत होता, कुणाली ताटाकडे. आलांने आकड्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हनतो?"

कुणालीने आकडा पुन्हा वाचला. "म्हणतात, मला वाटत होतं तीनच असेल."

एवढं बोलून आलां झोपायला गेला. कमळाकरभाऊंना त्या उत्तराचं काय करावं ते कळेना. मुरबाडात असं सापडल्यावर माणूस कोयता काढतो, निदान मोजणीदाराची आई तरी काढतो. हा तर आपलाच अंदाज वीस सेंटिमीटरने चुकल्याचं सांगत होता.

सकाळी दाराशी अकरा माणसं उभी होती. ओडेटने रात्रीत गाव फिरून सांगितलं होतं की हिंदुस्थानातून मोजणीसाहेब आला आहे, कोट घालतो, पाण्याला भीत नाही. प्रत्येकाच्या हातात नकाशा आणि प्रत्येकाची शेजाऱ्याबद्दल तक्रार. त्यांच्या मागोमाग नगरपालिकेच्या बाई आल्या. कोणाच्या अधिकारात मोजणी केली, असा त्यांचा सवाल होता. कमळाकरभाऊंनी निवृत्तीचं मराठी ओळखपत्र दाखवलं. बाईंनी ते गंभीरपणे दोन्ही बाजूंनी बघितलं, फोटो काढला आणि सांगितलं की मोजणीसाठी अर्ज करावा लागतो. तीन प्रतींत. मग चाळीस दिवस थांबावं लागतं, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाव्या लागतात, आणि ही वही चालणार नाही.

"तीन प्रतींत?" कमळाकरभाऊंनी दोनदा विचारून घेतलं. छत्तीस वर्षं त्यांनी हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेच वाक्य, तोच चेहरा, तोच आवाज. त्यांनी आदराने बाईंना खुर्ची दिली आणि टोकावड्याचा तांदूळ दाखवला. या सगळ्या गोंधळात आलां कुठे होता, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी समुद्र गेला तेव्हा तो दिसला. ट्रॅक्टर आधीच प्लॉटवर होता. आलां पूर्वेची बाकडी उपसत होता, एकटाच. लोखंड वर्षानुवर्षं चिखलात रुतलेलं. तो खांदा लावायचा, हलवायचा, काढायचा आणि हद्दीच्या आत आणून ठेवायचा. मग दुसरं. एर्वान धावला. कुणाली धावली. नकाशे घेऊन आलेली अकरा माणसं जरा वेळ उभी राहिली आणि मग एकेक करून चिखलात उतरली. ओडेट म्हातारी हद्दीच्या दगडावर बसून सिगारेट ओढत देखरेख करत होती. नगरपालिकेच्या बाई धक्क्यावरून बघत होत्या. अर्जाचे कोरे नमुने त्यांच्या काखेतच राहिले.

कमळाकरभाऊ धक्क्यावर सकुबाईशेजारी उभे होते. त्यांनी शेकडो मोजण्या केल्या होत्या. कोर्टाच्या हुकमाने, पोलीस बंदोबस्तात, बायकांच्या शिव्यांत हद्दी कायम केल्या होत्या. पण कोणी आपला बांध आपल्या हाताने मागे घेतलेला त्यांनी एकदाही बघितला नव्हता. एकदाही नाही. समुद्र मागे जातो हे कालपासून त्यांना पटलं होतं. माणूस मागे जातो हे आज दिसत होतं.

"ही बाई काल बी गोड बोलली, परवा बी गोडच," सकुबाई पलीकडे उभ्या ब्रिजितकडे बघत म्हणाली. "आज तिसरा दिस."

कमळाकरभाऊंनी कोट काढून सकुबाईच्या हातात दिला आणि अनवाणी खाली उतरले. आलांच्या समोर जाऊन त्यांनी बाकड्याचं दुसरं टोक धरलं. बोलले असते तरी एकमेकांचं कळलं नसतं. तास दीड तास बाकडी वाहिली. मध्ये दम खायला थांबले तेव्हा कुणाली जवळ आली.

"मी 'नाय' म्हनायला आल्तो गो," ते म्हणाले.

"मला ठाव हुतं."

"मंग बोलावलंस कशाला?"

"मोजल्याबिगर तुमी 'नाय' म्हननार नाय," कुणाली म्हणाली, "ते बी ठाव हुतं."

कमळाकरभाऊंनी तिच्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला. त्यांना आता तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि जन्मभर तिथेच उभं राहावंसंही. शेवटची दोन बाकडी उरली होती. घळीत पाणी चमकायला लागलं होतं. माणसं ट्रॉलीकडे परतत होती, पण आलां एकटा त्या शेवटच्या लोखंडाला झोंबत होता, मान वर न करता. सगळ्यांनी हाका मारल्या. तो हलला नाही. तेव्हा कमळाकरभाऊंनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत साखळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं म्हणून कमावलेल्या आवाजात हाक दिली :

"ओ व्याहीबुवा! चला आता, पानी आला!"

आलांने मान वर केली. "काय म्हणतात?" त्याने आपल्या भाषेत ओरडून कुणालीला विचारलं. पण धक्क्यावर सकुबाईने पदर डोळ्यांना लावला होता, आणि कुणाली इतकी रडत होती की तिला सांगता येईना.